वाकळेचा लिलाव

लखीराम कासाराचं दुकान उठणार हे कळलं तेव्हा गावातल्या पुरुषमाणसांना त्याचं काडीचंही वाटलं नाही. वाटावं तरी कशाला? तंबाखू त्यांना मेडशीच्या रस्त्यावर मिळते, चहा एस.टी. थांबते तिथं मिळतो, आणि बांगड्या काही त्यांना भरायच्या नव्हत्या. पोळा महिन्यावर आला तेव्हा पंजाबराव मालकानं चावडीवर सांगितलं, "जागा माही हाये. पोयाच्या आंधी दुकान उठवतो अन् तथी खताचं गोदाम टाकतो." मंडळींनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. युरियाचं पोतं आता गावातच मिळेल, वाशीमपर्यंत गाडी जुंपायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं.

बायांचं तसं नव्हतं. ते दुकान लखीरामच्या आज्यानं टाकलेलं. दगडी ओटा, त्यावर सागाची फळी, आणि फळीला मधोमध एक खळगा. बांगड्या भरताना बाई तिथं कोपर टेकवते. आज्या-पणज्यांपासूनच्या कोपरांनी ते लाकूड असं झिजलं होतं की नवी नवरी आली तरी तिचं कोपर आपोआप खळग्यात जाऊन बसे. लेकीचा पहिला चुडा तिथं, सातव्या महिन्यातल्या हिरव्या बांगड्या तिथं, नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईचं रडूही तिथंच. लखीरामच्या हातात मनगट दिलं की बायांची तोंडं सुटायची. तो ऐकायचा, बांगडी चढवायचा आणि एका घरचं दुसऱ्या घरी कधी सांगायचा नाही. अशी जागा गावात दुसरी दाखवा बरं.

सोजरबाईचा जीव तर त्या दुकानात अडकला होता. ती बौद्धवाड्यातली. पंजाबराव मालकाच्या घरी शेण काढायचं, अंगण झाडायचं, कापूस निवडायचा, हे तिचं काम. तिच्या मायच्या वेळी त्यांच्या वस्तीतल्या बायांना कुठलाही कासार बांगड्या भरून देत नसे. ओट्यावर ठेवायचा, म्हणायचा, उचल आणि घरी जाऊन भर. मग त्या बाया एकमेकींचे हात पिळत, अर्ध्या बांगड्या फुटत. लखीरामच्या बापानं एका बाजाराच्या दिवशी सोजरबाईच्या मायचा हात धरला, फळीवर टेकवला आणि सगळ्यांच्या देखत बांगड्या भरल्या. गावानं त्याच्याशी रोटी-पाणी बंद केलं. पण दिवाळी आली, बायांना बांगड्या हव्या झाल्या आणि धर्म बुडाल्याची ओरड करणाऱ्याच बाया आपापले हात घेऊन ओट्यावर हजर झाल्या.

पुढं सोजरबाईचा नवरा मारोतराव गेला. घरात सगळ्यांनी दीक्षा घेतली होती, पण जुनी खोड अशी एका दिवसात जाते होय? म्हाताऱ्यांनी तिचे हात दगडावर आपटून बांगड्या फोडल्याच. काही दिवसांनी ती मान खाली घालून दुकानावरून चालली होती, तर लखीरामनं हाक मारली.

"सोजर, तुमच्या नव्या धर्मात बाईचे हात रिकामे ठेवायचं असं काई लिहेल हाये काय व?"

"नाई, भाऊ."

"मंग आन इकडं हात."

त्यानं दोन्ही हातांत बांगड्या भरल्या, आणि पैसे विचारले नाहीत. त्या दिवशी सोजरबाई घरी जाऊन पोटभर रडली. नवरा गेल्यापासून तिचा हात कोणी असा धरलाच नव्हता. म्हणून दुकान उठणार म्हटल्यावर तिला घास गोड लागेना. दुकान गेलं तर बांगड्या काय, मेडशीच्या बाजारातही मिळाल्या असत्या. पण तिचा हात धरताना जिथं कोणी बिचकत नाही, अशी या गावातली एकच जागा होती, आणि ती मातीत जाणार होती.

ती तुळसाबाईकडे गेली. तुळसाबाई कुणब्याची, चार एकरवाली, तोंडानं फटकळ. अख्खं गाव तिला वचकून असे. दोघी मिळून चावडीवर गेल्या. पंजाबरावांनी त्यांना पाहून आधी हसून घेतलं.

"दुकान पाह्यजे न तुमाले? हजार रुपये आना पोयाच्या आंधी. जागा कासाराच्या नावानं लिहून देतो. सगळ्याईसमोर सांगून राह्यलो, शब्द हाये माहा."

बायांकडे हजार रुपये कुठून येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर शब्द इतका मोकळ्या हातानं दिला. बायांनाही ते कळत होतं. तुळसाबाई मात्र वाटेत एकदम थांबली.

"गणपतीच्या नारयाचा लिलाव होते तवा हे लोकं एका नारयाले शंभर-शंभर देते. काहून? त इज्जतीसाठी. मंग आपन वाकय शिवू. घरोघरचा एक एक तुकडा घेऊ. ज्याच्या घरचा तुकडा असन त्याले चुरस लागन. नारय खाऊन संपते व, वाकय त अंगावर राहते."

वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांची जाड गोधडी, कुणाच्या घरात नाही? पण ती आपापल्या घरच्या चिंध्यांची असते. सगळ्या गावची मिळून एक वाकळ कोणी पाहिली नव्हती. बायांना हे खूळ भलतंच आवडलं.

दुकानासमोरच्या निंबाखाली काम सुरू झालं. वाकळ शिवायची रीत अशी की कडेपासून धागे घालत घालत मध्याकडे यायचं. बाया बसल्या, पण कशा? कुणब्याच्या बाया एका कडेला, बौद्धवाड्याच्या दुसऱ्या कडेला. मध्ये सगळी वाकळ पसरलेली, जणू गावची शीवच. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तशाच बसल्या. सोजरबाईच्या बाजूनं पांढरे तुकडे जास्त होते. दीक्षेला जाताना नेसलेली लुगडी होती ती. इतकी वर्षं पेटीत जपलेली, आणि आता त्यांवरच कात्री चालली होती.

पण धागा तो धागा. रोज चार चार बोटं पुढं सरकतो, आणि बायांनाही सरकावं लागतं. आठवड्याभरात दोन्हीकडच्या बाया इतक्या जवळ आल्या की गुडघ्याला गुडघा लागायला लागला. कुणब्याकडची एक जण पदर झटकून उठली. म्हणाली, मले घरी सैपाक हाये. तुळसाबाई सुई न थांबवता म्हणाली, "जाय व माय. सैपाकाले बसशीन त चुलीलेबी इचारून घेजो, कोनाच्या हातचं लाकूड हाये ते." ती बाई धुसफुसत पुन्हा बसली. हसल्या सगळ्याच, सोजरबाईही हसली. पण हे सगळं एका काडीवर उभं आहे असं तिला वाटे. कोणीतरी ती काडी काढेल आणि सगळं खाली येईल.

मालकाच्या घरून तुकडा येण्याचा प्रश्नच नव्हता. पण एका सकाळी सोजरबाई शेण काढत होती तेव्हा पंजाबरावांची बायको ललिताबाई म्हशीच्या कोठ्यात आली. ती कारंज्याची, मोठ्या घरची लेक. गोरी, बारीक, आवाज इतका हळू की दुसऱ्यांदा विचारावं लागे. तिनं पदराखालून हिरव्या शालूचा एक तुकडा काढला आणि सोजरबाईच्या टोपलीत कोंबला.

"माह्या लग्नाचा हाये. कोनाच्या घरचा ते सांगू नको."

"बाई, मालकाले समजलं त?"

"समजन तवा समजन." मग म्हणाली, "या घरातून मले न इचारता जाता येते अशी एकच जागा हाये, सोजर. बांगड्या भराले जातो म्हटलं का कोनी अडवत नाई. ते दुकान गेलं त मी जाईन कुठं?"

बारा खणांच्या घरातल्या बाईचं जग आपल्यापेक्षाही चिमूटभर असेल, असं सोजरबाईच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिनं तो तुकडा वाकळेच्या मधोमध लावला, आणि दोन्हीकडचे धागे त्यावर येऊन भेटले.

आता घोडचूक कशी झाली ते ऐका. ती बायांचीच, आणि ती करायला याच गावच्या बाया हव्यात. गावात कुठलाही लिलाव असला तर पहिली बोली मालकाच्या घरची. सुपारी देऊन बोलवायचं, त्यांनी आकडा सांगायचा, मग हात हलवून 'चढा' अशी खूण करायची, की बाकीचे चढाओढ सुरू करणार. गणपतीला पंजाबराव पहिल्याच दमात एक्कावन्न म्हणत आणि हात हलवत. मानाची रीत. ती मोडली तर अर्धं गाव लिलावाला फिरकलंच नसतं. म्हणून बायांनी पान-सुपारी घेऊन, हळद-कुंकवाचं ताट घेऊन, मालकाला पहिल्या बोलीचं बोलावणं केलं. ज्याच्यापासून दुकान वाचवायचं त्याच्याच हातात लिलावाची दोरी नेऊन दिली. सोजरबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. पण बौद्धवाड्याच्या बाईनं मालकाचा मान नको असं म्हटलं असतं तर वेगळाच भडका उडाला असता.

लिलाव बाजाराच्या दिवशी ठरला. दुकानासमोर दोन लाकडी बल्ल्यांवर वाकळ टांगली. काय दिसत होती म्हणता. लाल, निळे, पांढरे तुकडे, मध्ये तो हिरवा शालू. माणसं येऊन आपापल्या घरचा तुकडा बोटानं दाखवत होती. लखीराम ओट्यावर बसून नुसता पाहत होता. सरपंच दौलतराव बोली पुकारायला उभे राहिले. पंजाबरावांसाठी शाळेतून खुर्ची आणली होती. एका बाजूला बायांसाठी सतरंजी होती, आणि तिच्या टोकाला ललिताबाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती.

"पहिली बोली मालकाची," दौलतराव म्हणाले.

पंजाबरावांनी अडकित्ता काढला, सुपारी कातरायला घेतली आणि वर न पाहता म्हणाले, "अकरा रुपये."

हात काही हलला नाही. सुपारी कातरणं चालूच.

बाजाराचा गलबला असा थांबला की तेलाच्या कढईचा चुरचुर आवाज ऐकू येऊ लागला. दौलतरावांनी दोनदा मालकाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अकरा रुपये, एक वार." तुळसाबाईनं नवऱ्याला कोपरखळी मारली, तर तो आपल्या वहाणांकडे पाहत बसला. त्याची तूर मालकाच्या विहिरीच्या पाण्यावर भिजायची. दुसऱ्याचा वखर मालकाकडचा, तिसऱ्याच्या पोराला मालकानं चिठ्ठी देऊन एस.टी.त लावलेलं. गणपतीच्या नारळाला शंभर देणारे सगळे शूर तिथं होते. एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना.

"अकरा रुपये, दोन वार."

सोजरबाईला लखीराम दिसला. त्यानं मान खाली घातली होती आणि फळीच्या खळग्यावरून हात फिरवत होता. तिला पुढचं काही दिसेना.

"बारा," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. शेण काढणारी बाई मालकावर बोली करते, हे कोणाच्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं. पंजाबराव रागावले नाहीत. गालात हसले.

"होऊ द्या. थंडी वाजत असन बाईले."

लोक खो-खो हसले, आणि त्या हसण्यातच सोजरबाईला कळलं आपण काय करून बसलो ते. मालक आता पुढं बोलणार नव्हता. आपल्या शेणवालीशी चढाओढ करणं त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं. आणि मालकानं सोडलेल्या बोलीवर दुसरं कोण चढणार? वाकळ बारा रुपयांत तिच्या गळ्यात पडणार, आणि दुकानही बारा रुपयांतच जाणार. वाचवायला गेलो आणि आपल्याच हातानं विकलं. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बारा रुपये, एक वार."

"एक्कावन्न."

आवाज इतका हळू होता की दौलतरावांना वाटलं आपल्याला भास झाला. "कोन बोललं?"

"मी," ललिताबाई म्हणाली. "आमच्या घरची बोली हाये."

अडकित्ता थांबला. भर बाजारात बायकोला गप्प बस म्हणायचं म्हणजे आपल्या घरात आपलं चालत नाही असं गावाला सांगणं. पंजाबरावांनी हसू ओढून आणलं. "घरच्या लक्ष्मीले आवडली त घेऊ द्या," ते म्हणाले, आणि तिथंच अडकले. घरची बोली आहे हे त्यांनीच आता चारचौघांत कबूल केलं होतं.

सोजरबाई आधी भडकली. हिला शालू आहे, दागिने आहेत, आता गोरगरिबांची वाकळही हवी! मग तिनं पाहिलं, ललिताबाई सरळ तिच्याकडेच पाहत होती. तिनं हनुवटी अगदी थोडी वर केली. ये, म्हणत होती ती. चढ.

"साठ," सोजरबाई म्हणाली.

"शंभर."

"एकशे दहा."

"दोनशे."

आता कोणी हसेना. सोजरबाईच्या घरात दोन गाडगी आणि एक बकरी. ललिताबाई कुठंही थांबली तर शेवटचा आकडा सोजरबाईच्या मानगुटीवर बसणार होता, आणि तो फेडायला सगळा जन्म पुरला नसता. मोठ्या घरच्या बाईचा काय भरवसा? प्रत्येक आकड्याला तिला वाटे, बास, आता गप्प राहावं. आणि तोंड पुढचा आकडा बोलून जाई. चारशेच्या वर गेल्यावर पंजाबरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. कसं पाहिलं ते सोजरबाईला दिसलं नाही. पण ललिताबाईची नजर खाली गेली.

"पाचशे दहा सोजरबाईचे, एक वार," दौलतराव म्हणाले. "पाचशे दहा, दोन वार."

तुळसाबाईनं सोजरबाईचा दंड घट्ट धरला. संपलं, सोजरबाई मनात म्हणाली, दुकानही गेलं आणि मीही गेले.

ललिताबाईनं पदर सारखा केला. "सातशे," ती म्हणाली.

मग ती थांबलीच नाही. सोजरबाईनं दहा चढवावे, तिनं शंभर. ललिताबाईनं हजार एक म्हटलं तशी सोजरबाई मटकन खाली बसली आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला, चुकून आणखी एखादा आकडा निघून जाईल म्हणून. दौलतरावांनी तीन वार इतक्या घाईनं म्हटलं की मध्ये श्वासही घेतला नाही.

पहिल्यांदा हसली तुळसाबाई. तिच्या डोक्यात उजेड पडला होता, आणि तिच्या पोटात काही राहतं का! मालकाच्या एका खिशातले हजार रुपये वाकळेचे म्हणून बायांना मिळणार, बाया तेच हजार जागेचे म्हणून मालकाच्या दुसऱ्या खिशात घालणार, आणि जागा मात्र कासाराची होणार. ही गोष्ट एका पालापासून दुसऱ्या पालापर्यंत पोहोचायला पान खाण्याइतकाही वेळ लागला नाही. कांदे विकणारीपासून न्हाव्यापर्यंत सगळा बाजार पोट धरून हसला. पंजाबरावही हसले. करतात काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. "चला, आपल्या हातून धरम झाला," असं म्हणून त्यांनी वाकळ गड्याच्या खांद्यावर टाकली, आणि पोळ्याच्या आधी वाशीमच्या कचेरीत जाऊन जागा लिहूनही दिली. शब्दाचा माणूस, असं लोक तोंडावर म्हणाले. पाठीमागं काय म्हणाले ते कशाला सांगू?

सोजरबाईला वाटलं होतं, आपलं काम गेलं. दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. तर गडी निरोप घेऊन आला, मालक म्हणते शेन कोन काढन? ती घाबरत घाबरत गेली. पंजाबराव ओसरीवर बसले होते, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तिला वाटलं, सुटलो. आपण उगाच माणसाला राक्षस समजत होतो. त्या महिन्यात ती जितकी खुशीत होती तितकी लग्नातही नसेल. दुकानाला नवा चुना लागला. गौरी-महालक्ष्म्यांच्या आधी तर ओट्यावर अशी झुंबड की कुणबी कोण आणि बौद्धवाड्यातली कोण, कोपराला कोपर घासत होतं. बाया तिला बोलीवाली सोजर म्हणून चिडवत, आणि ती रागावल्याचं नाटक करी.

फक्त ललिताबाई आली नाही. पोळा गेला, महालक्ष्म्या गेल्या, दसरा तोंडावर आला. कोठ्यातही ती फिरकत नव्हती. वाकळ मात्र सोजरबाईला सापडली. व्यालेल्या म्हशीखाली अंथरली होती. शेणामुतात लडबडलेले ते पांढरे तुकडे पाहून तिचे डोळे भरून आले. तिनं ती ओढून काढली, विहिरीवर नेऊन धुतली, वाळवली. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुन्हा म्हशीखाली. गडी म्हणाला, मालकाचा हुकूम हाये, मी काय करू?

लखीरामनं एक दिवस तिच्या हातात पुडकं दिलं. हिरव्यागार काचेच्या बांगड्या, त्याच्याकडच्या सगळ्यात चांगल्या.

"मालकीनबाईले देजो. मान म्हना, दसऱ्याचं म्हना. त्याईच्या पायीच मी या ओट्यावर बसेल हावो. हाताचं माप मले पाठ हाये, बरोबर होतीन."

दुपारी पंजाबराव वावरात गेल्याचं पाहून सोजरबाईनं गड्याकरवी आत निरोप धाडला. बऱ्याच वेळानं ललिताबाई म्हशीच्या आंबोणाची बादली घेऊन कोठ्यात आली. घामाच्या धारा लागाव्यात अशा उन्हात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं. सोजरबाईनं पुडकं सोडून दाखवलं. ललिताबाईनं एक बांगडी उचलून उजेडात धरली आणि हसली. तिला हसताना सोजरबाईनं पहिल्यांदाच पाहिलं.

"आना हात बाई, मी भरून देतो. तुमी दुकानात येत नाई त दुकान इथं आलं."

ललिताबाईनं हात दिला. बाही वर सरकली. मनगटाभोवती काचेच्या जखमा होत्या. काही सुकून तपकिरी पडलेल्या, काही ओल्या, एकीवर दुसरी, अगदी बांगड्या असतात त्याच जागी. दुसऱ्या हातालाही तसंच.

"हे काय, बाई? मारते तुमाले?"

"मारत नाई. मारलं त आवाज जाते." ललिताबाई नेहमीच्याच हळू आवाजात बोलत होती. "जवळ बसवते. बांगड्यासकट हात मुठीत धरते अन् दाबते. अन् बोली म्हन्ते. एक्कावन्न म्हन्ते, दाबते. शंभर म्हन्ते, दाबते. हजार एकपर्यंत."

सोजरबाईनं हातातली बांगडी पुडक्यात परत ठेवली.

"तुह्या बोल्याबी म्हन्ते. मधातल्या. साठ, एकशे दहा, सगळ्या ध्यानात हाये त्याच्या."

सोजरबाईला तो बाजार दिसला. आपण आकडा चढवत होतो आणि ही वर येत होती. आपण थांबलो असतो तर हीही थांबली असती. आपल्या प्रत्येक आकड्याचा तुकडा या हातात घुसला होता. बोली दोघींनी केली आणि फेडत होती एकटी ही. तिला वाटलं पाय धरावेत, पण शेणाचे हात पुढं करायची लाज वाटली.

"बाई, दुकान गेलं असतं त परवडलं असतं," ती कशीबशी म्हणाली.

"बायका येते न दुकानात?"

"येते. गर्दी असते."

"मंग राहू दे." ललिताबाईनं बाही खाली ओढली आणि पुडकं पुन्हा बांधून तिच्या हातात दिलं. "हे घेऊन जाय. हात रिकामे ठेवले त म्हन्ते, नवरा जित्ता असून बोडकी फिरते, अन् मंग घरातल्याच काचेच्या आनून भरते. तू मले पलास्टिकच्या आनून दे, सोजर. दबल्या तरी हातात घुसत नाई."

तिनं बादली म्हशीपुढं ठेवली, वाकळेच्या कडेला पाय लागू न देता वळसा घातला आणि आत गेली.

सोजरबाई तशीच दुकानात गेली. ओट्यावर एक नवी नवरी बसली होती, कोपर खळग्यात टेकवून. सोजरबाईनं पुडकं लखीरामपुढं ठेवलं.

"भाऊ, पलास्टिकच्या हायेत काय?"

लखीराम उखडलाच. "माह्या दुकानात? अवं, काचेसाठीच त दुकान वाचवलं न तुमी? ते पलास्टिक म्हंजे काय बांगड्या हायेत? ना आवाज, ना..." बोलता बोलता त्यानं पुडकं पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. जन्मभर त्यानं बायांची मनगटं हातात घेतली होती. कुठली खूण पडल्याची आणि कुठली पाडल्याची, आणि एखादीला काच का नको होते, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

"मालकीनबाईले पाह्यजेत?"

सोजरबाईनं होकाराची मान हलवली.

"माप त माहित हाये मले," तो म्हणाला. पुडकं फळीखाली सरकवलं आणि म्हणाला, "उद्याच्या एस.टी.नं कारंज्याले जातो. तथी भेटते."

नवी नवरी हात पुढं करून खोळंबली होती. लखीरामनं तिचा हात घेतला, पण बांगडी काही चढवली नाही. ते कोवळं मनगट धरून तो नुसता बसून राहिला, आणि पोरगी बिचारी एकदा त्याच्याकडे आणि एकदा सोजरबाईकडे पाहत राहिली.